लोखंडी पोटाचं घराणं

माणूस कशाचा अभिमान बाळगेल याचा काही नेम नाही. कुणाला जमिनीचा असतो, कुणाला गोऱ्या रंगाचा, कुणाला पोरांच्या मार्कांचा. माझ्या सासरच्यांना पोटाचा आहे. खाण्यापिण्याचा नाही म्हणत मी. पोटाचा. आतड्यांचा. आमची आतडी कधी दुखत नाहीत, याचा.

बेकरी आहे त्यांची. मी तिथला भट्टीवाला. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून माझ्या भुवया गेल्या त्या गेल्याच, आणि तिथेच पिठाच्या पोत्यांच्या आडोशाला मालकाच्या मुलीशी जमलं. सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी फार आरडाओरडा केला नाही. मुलगी भट्टीवाल्याच्या घरात गेली तरी चालेल, पण भट्टीवाला दुसऱ्या बेकरीत जाता कामा नये. असा त्यांचा हिशोब. लग्न लावून दिलं.

या सासऱ्यांनी दुकानात एक रीत घालून दिली होती. सकाळी शटर वर गेलं की पहिला गरम पाव मालकाने गिऱ्हाइकांसमोर उभ्याने खायचा. नुसता, कोरडा. पाणीसुद्धा नाही. आणि खाऊन झाल्यावर पोटावर हात फिरवून म्हणायचं, "आमच्या पोटाला चाललं ते तुमच्या पोटाला चालणारच." दुकानाच्या पाटीवर नावाखाली पण लिहून घेतलं होतं, पोटाला हलका. लोक हसायचे, पण पाव न्यायचे. पाव चांगलाच होता. तो मी भाजत होतो.

आता ज्या घराण्याने पोटाच्या जोरावर धंदा उभा केला, त्या घराण्यात पोट दुखायला बंदी. बंदी म्हणजे बंदीच. आजारी पडा, पाय मोडून घ्या, दात पाडून घ्या, पण पोटाचं नाव काढायचं नाही. दुकानाच्या मागे, पिठाच्या खोलीला लागून संडास होता. तिथे कुणी जास्त वेळ गेला की बाहेर सांगायचं, "पीठ बघायला गेलेत." गिऱ्हाइकाने विचारलं तरी तेच आणि पाहुण्याने विचारलं तरी तेच. पुढे पुढे ते आपापसातही तसंच बोलायला लागले. नळ सोडून ठेवायचा, म्हणजे आवाज यायला नको. सासरे दिवसभर पीठ बघायचे. मला वाटायचं, मालक असावा तर असा, पिठावर काय बारीक लक्ष आहे माणसाचं.

सासऱ्यांचे हात मात्र शेवटी शेवटी थरथरायचे. चहाची बशी वाजायची. ते कुणी लपवलं नाही. उलट कौतुक. "जन्मभर पीठ मळलं, हात थांबायचं विसरले." चालणंही बारीक बारीक पावलांचं झालं होतं, चेहरा कोरड्या पावासारखा, हसू नाही की रडू नाही. ते गेले. लोक म्हणाले, म्हातारपण. झालं.

मग गादीवर आले आमचे थोरले. हिचे मोठे भाऊ, माझे मेहुणे. यांच्याबद्दल काय सांगू. या माणसाने आयुष्यात पिठाला बोट लावलेलं मी पाहिलं नाही. पंख्याखालची खुर्ची धरून बसायचे आणि पाव फुगला की स्वतः फुगायचे. वडिलांची रीत मात्र त्यांनी चालवली, आणि वर त्यात स्वतःची अक्कल घातली. काउंटरवर माझी बायको उभी असायची, तर तिनेही एक पाव सगळ्यांसमोर खायचा. "बायकांना बाईने खाल्लेलं बघून धीर येतो," म्हणे. बहिणीचा चेहरा बघायला वेळ नव्हता या माणसाला.

कारण हिचं पोट तेव्हाच बिघडलेलं होतं. साधं बिघडणं नाही. आतून कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसा पिळा यायचा. ताप यायचा. रक्त जायचं. समोर पाव खायची, हसायची, आणि शेवटचं गिऱ्हाईक वळलं की काउंटरची कड धरून वाकायची. मग पीठ बघायला. गालाची हाडं वर आली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी म्हणायचो, चल दवाखान्यात. ही म्हणायची, "दादाला कळलं तर?"

दादाला कळलेलंच होतं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, हिला पोटाच्या डॉक्टरला दाखवतो. तर थोरले खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"कुणाला दाखवणार? या गावात पोटाचा डॉक्टर एक. आणि तो रोज आपल्याकडून ब्रेड नेतो."

"मग?"

"मग काय मग? उद्या तो ब्रेड घ्यायला आला की काय तोंड दाखवायचं? पोटाच्या डॉक्टरने आपला ब्रेड सोडला, तर गाव ठेवेल का?"

"शेठ, बहीण संपत चाललीय तुमची."

"नाटकं आहेत. लहानपणापासूनची. जिरं चावायला सांग."

जिरं. बाईच्या अंगातलं रक्त जातंय आणि हा माणूस जिऱ्यावर आला. आणि हिचं म्हणाल तर तिला भावाचा शब्द म्हणजे बापाचा शब्द. मी किती डोकं आपटलं तरी डॉक्टरच्या दारापर्यंत यायची नाही. एक वाक्य बोलायचं होतं तिला, डॉक्टरसमोर बसून, स्वतःच्या तोंडाने. तेवढ्या एका वाक्यावर तिचा जीव अडकला होता. माझ्या तोंडाने चाललं असतं तर मी गावभर ओरडलो असतो.

अशात थोरल्यांचा हात हलायला लागला.

उजवा हात. मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायची, जसं काही कणकेची बारीक गोळी वळतायत. गिऱ्हाइकांना म्हणायचे, "पीठ मळून मळून झालंय." मी भट्टीपाशी उभा राहून ऐकायचो आणि पाव आत सरकवायच्या फावड्याचा दांडा घट्ट धरून ठेवायचो, नाहीतर काही बोलून बसलो असतो. मग सही बारीक झाली. मग शर्टाची बटणं वहिनी लावायला लागल्या. वहिनींनीच एक दिवस धरून नेलं मोठ्या हॉस्पिटलात. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पार्किन्सन. गोळ्या सुरू केल्या. आणि वर म्हणाल्या, आम्ही या आजारावर घराघराचा अभ्यास करतोय, तुमच्या वडिलांनाही तसंच होतं म्हणता, तर रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना घेऊन या.

घरी आले ते छाती काढून. आजार झालाय हे विसरलेच. "आपल्या घराण्यावर संशोधन करणार आहेत." जसं काही पुतळा बसवणार आहेत. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि डॉक्टरीणबाईंसाठी बिस्किटांचा डबा. बहीण हवीच म्हणून ही, आणि हिला एकटं चालवत नव्हतं म्हणून मी.

खोली लहान. भिंतीवर मेंदूचं चित्र, फुलकोबीसारखं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या हिच्याएवढ्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं सरळ. त्यांनी हातांचं विचारलं. थोरले खुलले. वडिलांचे हात, बशी, चालणं, सगळं रंगवून सांगितलं. मग बाईंनी विचारलं,

"आणि पोटाचं? घरात कुणाला आतड्याला सूज, सारखे जुलाब, रक्त जाणं? किंवा उलट, वर्षानुवर्षं पोट साफ न होणं?"

"डॉक्टर, आमच्या घरात पोट हा विषयच नाही."

"पोट हा विषय नाही असं घर मी अजून पाहिलं नाही."

"आमचं बघा मग. बेकरी आहे आपली. लोखंडी पोटं आहेत."

"तुमचं स्वतःचं?"

"लोखंड."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे बघायला लागल्या. खोकला होता की हसू, देव जाणे.

"पण मेंदूच्या आजारात पोट कशाला मध्ये?" थोरल्यांनी विचारलं. तोंडावर, कसं सांगू तुम्हाला, कुणी चुकून त्यांच्या दुकानात भाजी मागावी तसा भाव.

बाईंनी सांगितलं, आणि मला शाळेत जेवढं कळलं नाही तेवढं तिथे कळलं. त्या म्हणाल्या, आपल्या आतड्यात पहारेकरी असतात. बाहेरचं काही वाईट आलं की मारायला. काही घरांत काय होतं, आईबापांकडून जे गुण येतात ना, नाकडोळे येतात तसे, त्यातल्या एखाद्या गुणात बारीकसा फरक असतो. त्या फरकामुळे पहारेकरी बिथरतात आणि स्वतःच्याच घरात लाठ्या चालवतात. आतडी सुजतात. आणि संशोधन करणाऱ्यांना असं सापडलंय की आतड्याच्या या आजाराशी ज्या गुणाचा संबंध आहे, त्याच गुणातले काही फरक पार्किन्सनचा धोकाही वाढवतात. दोन आजार, पण मुळाशी कुठेतरी धागा एक. धोका म्हणजे धोका, त्या म्हणाल्या. ज्याच्यात फरक आहे त्याला होईलच असं नाही. पुष्कळांना काहीच होत नाही. सगळं अजून कळलेलंही नाही. म्हणून तर विचारतोय.

आणि आणखी एक म्हणाल्या. बऱ्याच जणांचं पोट हात हलायच्या कितीतरी वर्षं आधीपासून जड होतं. लोक सांगत नाहीत.

थोरल्यांचा अंगठा जरा जोरात फिरायला लागला.

ही इतका वेळ पिशवी पोटाशी धरून बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे एकाच घरात भावाचा हात आणि बहिणीचं पोट, असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं. का?"

"ती आपली सहज विचारतेय," थोरले म्हणाले. "चल गं, तू बाहेर बस. दमलीस."

मी हिच्याकडे बघितलं. बोलायचं माझ्या हातात नव्हतंच कधी. ही उठली. मला वाटलं, गेली बाहेर, संपलं. पण ही उठली ती खुर्ची पुढे ओढायला. बाईंच्या टेबलाजवळ ओढली आणि बसली.

"मला रक्त जातं," ती म्हणाली. "खूप वर्षं झाली. खाल्लं की पिळा येतो. रोज सकाळी काउंटरवर पाव खाते आणि रोज मागे जाऊन रडते."

डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा हिच्याकडे नीट बघितलं. हाडांकडे, बांगड्यांकडे.

आणि थोरले काय म्हणाले असतील? बहिणीच्या पाठीवर हात ठेवला असेल? अहो, कुठलं.

"म्हणजे हिच्यापासून मला लागलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लागत नाही. वरून येतं, आईकडून नाहीतर वडिलांकडून. बहिणीकडून भावाला येत नाही."

"वडिलांचं पोट लोखंडी होतं."

"दादा," ही म्हणाली, "बाबा दिवसभर कुठे असायचे?"

"पीठ बघायला."

"कुठलं पीठ, दादा?"

थोरल्यांनी बाईंकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, मेंदूच्या चित्राकडे बघितलं. कुणीच मदतीला येईना. मग ते उठले, म्हणजे उठायला लागले. त्यांना वेळ लागतो आता. अर्धवट उठून, टेबल धरून, बिस्किटांचा डबा काखेत मारून बाहेर. डबा देऊन ठेवलेला होता बरं का. परत घेऊन गेले.

बाहेर व्हरांड्यात धरलं त्यांनी हिला. आवाज बारीक झालाय आता त्यांचा, आजारामुळे, पण विष तेवढंच.

"घराण्याचं नाव मातीत घातलंस. आता त्यांच्या अभ्यासाच्या कागदावर सही करायची नाही आणि तपासायला रक्त द्यायचं नाही. आणि उद्यापासून काउंटरवर उभं राहायचं नाहीस तू."

"बरं झालं," ही म्हणाली. "तो पाव खाऊन खाऊन जीव चालला होता माझा."

मीही म्हणालो, "शेठ, उद्याची भट्टी मग तुम्हीच लावा. जन्मभर पीठ मळलंय तुम्ही, भट्टी काय, सहज जमेल."

ही परत आत गेली आणि बाही वर करून रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी तिथूनच फोन लावला, आणि त्याच दुपारी आम्ही पोटाच्या डॉक्टरसमोर बसलो. त्याच. रोज ब्रेड नेणारा. हिने मान खाली घातली, तर तो म्हणाला, "ताई, मी रोज बघतो तुम्हाला काउंटर धरून उभं राहताना. बायको म्हणते, विचारा ना. पण ब्रेड घ्यायला आलेल्या माणसाने बाईला कसं विचारावं, तुमचं पोट कसं आहे म्हणून? तुम्ही यायची वाट बघत होतो."

काय म्हणावं सांगा. ज्याच्या भीतीने बाईने आतडी जाळून घेतली, तो वाट बघत होता.

नळी घालून तपासलं, तुकडा काढून तपासला. आतड्याचा तोच आजार, पहारेकऱ्यांचा. औषधं दिली, आणि हाताच्या शिरेतून चढवायचं एक औषध सुरू केलं, दर काही आठवड्यांनी येऊन घ्यायचं. पाव बिव बंद, मऊ जेवण. सुधारायला वेळ लागला. पण एक दिवस हिने भांड्यावरून माझ्याशी दणदणीत भांडण काढलं, तेव्हा मला कळलं, बाई परत आली. मी एका कॅन्टीनच्या भट्टीवर लागलो. तिकडे बेकरीत नवा माणूस आला, त्याचा पाव खालून करपतो आणि आत ओला राहतो. पहिला पाव मालक खातच असतील. रीत आहे.

हिच्या रक्ताचं कळलं पुढे. तो बारीक फरक हिच्यात निघाला. म्हणजे वरूनच आलेला. थोरल्यांच्यात आहे का, ते त्यांनी रक्त दिल्याशिवाय सांगता येणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि हिला पुढे हाताचं काही होईल का, तर तेही कुणी सांगू शकत नाही. बहुतेक नाही. लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा म्हणाल्या, तर मी ठेवतो. चहा पिताना हिच्या अंगठ्याकडे बघत बसतो. एकदा पकडलं तिने.

"काय बघताय?"

"काही नाही. नखं वाढलीत."

"हललाच तर तुम्हाला आधी सांगेन. लपवायचं घर सोडलंय मी."

मागच्या वेळी ही त्याच मोठ्या हॉस्पिटलात औषध चढवून घ्यायला गेली, तेव्हाची गोष्ट. लांब खोली आहे, रांगेत खुर्च्या, प्रत्येकाच्या हाताला सुई आणि वर बाटली. मी शेजारच्या स्टुलावर. दारातून कोण आलं, तर आमचे थोरले. हातात काठी. वहिनी दाराबाहेरच थांबल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांनी फक्त भुवया उडवल्या. कुणी आणलं ते कळलं मला.

आले, मध्ये एक खुर्ची सोडून बसले. बहिणीला कशी आहेस विचारलं नाही. माझ्याकडे तर बघितलंही नाही. इकडे तिकडे मान फिरवली. समोर एक बाई बसल्या होत्या, बेकरीच्या जुन्या गिऱ्हाईक, मोबाईलवर मांजराचा व्हिडिओ बघत. त्यांना पाहून थोरले आणखी आत गेले शर्टात. मग हिच्याकडे वाकून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोल," ही म्हणाली. "ऐकू येत नाही."

"तुझं... कसं सुरू झालं ते?"

"काय कसं सुरू झालं?"

"ते. पोट."

"माझं सगळं लिहून घेतलंय डॉक्टरांनी. तुला कुणाचं सांगायचंय?"

अंगठा फिरतोय गरगर. मला वाटलं आता उठून जातात.

"माझं."

"काय होतं तुझं?"

"होतच नाही. तेच तर." आवाज असा, जसा चोरीचा माल विकतोय. "आठवडा आठवडा. गोळ्या खातो, चूर्ण खातो. हात हलायच्या कितीतरी आधीपासून."

"आणि रोज सकाळी सगळ्यांसमोर कोरडा पाव खातोस."

"रीत आहे."

"मूर्ख आहेस दादा."

हे ती मोठ्याने म्हणाली. समोरच्या बाईंनी वर बघितलं, थोरल्यांना ओळखलं, मान हलवली आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. बस, एवढंच. एवढ्यासाठी नळ सोडले होते या घराण्याने. एवढ्यासाठी माझ्या बायकोची हाडं निघाली होती. त्या बाईंना थोरल्यांच्या पोटापेक्षा मोबाईलमधलं मांजर जास्त महत्त्वाचं होतं.

"जा," ही म्हणाली. "डॉक्टरीणबाई समोरच्या खोलीत आहेत. मला सांगितलंस तेच सांग. रक्त दे. तुझ्या पोरांना उद्या काही झालं तर त्यांना नळ सोडून बसायला लावू नकोस."

"तू चल ना."

"मला सुई लावलीय. तुझे पाय चालतात अजून."

उठले. निघाले बारीक बारीक पावलांनी, काठी पुढे, आपण मागे. आणि त्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन पाय जमिनीला चिकटले. असं होतं म्हणे या आजारात, दारात माणूस अडकतो. मी बघत बसलो होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं बघायला.

"उठा," ही मला म्हणाली.

"मी? याच्यासाठी?"

"माझ्यासाठी उठा."

उठलो. गेलो. कोपराखाली हात घातला त्यांच्या. हात माझ्या हातात फडफडत होता, आणि अंगात पहिल्यासारखं वजन नव्हतं. म्हटलं, माझ्या पायावरून पाय टाका, आणि माझा पाय त्यांच्या पुढे आडवा ठेवला. त्यांनी पाय उचलला, ओलांडला, आत गेले. बसवलं खुर्चीवर. डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, "बोला."

थोरल्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मीच सांगावं असं त्यांच्या मनात होतं. आयुष्यभर भट्टी मी पेटवली, आता हेही मीच करायचं.

"माझ्याकडे काय बघताय," मी म्हणालो, "पोट तुमचं आहे."

आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.